बारीक तारेवरचा नेमका प्रश्न

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा होऊन वाशिम जिल्हा झाला. त्याच वर्षी घरच्या फोनवरून सेकंदाला ५६ हजार बिट घेऊ शकणाऱ्या मोडेमचं व्ही-९० हे आंतरराष्ट्रीय मानक ठरलं आणि वारणा खोऱ्यातल्या सुमारे ७० गावांत संगणक पोहोचवण्याचा प्रकल्पही सुरू झाला. उसाची नोंद आणि वजनाचे आकडे साखर कारखान्याच्या संगणकात, विचारणारा शेतकरी गावात. मध्ये टेलिफोनची जोडणी.

ही जोडणी माणसाच्या आवाजासाठी बांधलेली. ती साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झपर्यंतचेच सूर पुढे जाऊ देते. म्हणून मोडेम आकड्यांचे सूर करतो आणि पलीकडचा मोडेम सुरांचे पुन्हा आकडे. फोन लागल्यावर ऐकू येणारी ती किरकिर म्हणजे दोघांची बोलणी असत. पलीकडून आधी २१०० हर्ट्झचा सूर येई. त्याने एक्स्चेंजमधली प्रतिध्वनी दाबणारी यंत्रणा बंद पडे. मग दोन्हीकडून चाचणीचे सूर जात, तारेत कुठे किती खरखर आहे ते मोजलं जाई आणि त्यावरून वेग ठरे. तार लांब आणि जुनी असली की वेग पडे. शिवाय ५६ हजारांचा वेग फक्त घराकडे येताना. घराकडून जाणारा सूर एक्स्चेंजमध्ये आकड्यांत बदलताना बारीक चुका शिरतात, त्यामुळे उलट्या दिशेला कमाल ३३,६०० बिट.

घरून ऑफिसच्या डेटाबेसमध्ये शिरणाऱ्याची खरी कसोटी इथे लागे. फॉक्सप्रो या डेटाबेस प्रोग्रामची फाइल फोनवरून थेट उघडली, तर शोध घरच्या संगणकावर चाले आणि त्यासाठी नोंदींचे गठ्ठे तारेवरून ओढावे लागत. एक कोटी बाइटांची फाइल अख्खी आणायला ५६ हजारांच्या वेगानेही २४ मिनिटं. तोच शोध ऑफिसच्या सर्व्हरवर चालवला, तर जातो फक्त प्रश्न आणि येते एक नोंद. एका सेकंदात काम होतं. तार तीच, मांडणी वेगळी. मला यात त्या काळच्या प्रोग्रामरांचं मोठं शहाणपण दिसतं.

वारणेत पुढे हाच विचार आणखी ताणला गेला. मायक्रोसॉफ्ट रिसर्चने सात गावांत आठ महिने प्रयोग करून संगणकाऐवजी मोबाइलच्या एसएमएसवर तीच माहिती दिली. एका एसएमएसमध्ये मावतात १४० बाइट, तेवढ्यात सगळं भागलं. खर्चही कमी आला आणि शेतकऱ्यांनाही हेच जास्त आवडलं.

आता त्याच वाशिम जिल्ह्यातल्या रिसोड-मालेगावच्या शेतकऱ्याला ई-पीक पाहणीसाठी, म्हणजे ॲपवर पिकाची नोंद करण्यासाठी, सोयाबीनचा फोटो बांधावरूनच काढायचा असतो. गट क्रमांक, पीक, क्षेत्र यांना शे-दोनशे बाइट पुरतात, फोटोला मात्र लाखो लागतात. रेंज क्षणभर आली तर आधी आकडे पोहोचावेत आणि फोटो मागाहून, अशी सोय प्रत्येक शेतकी ॲपमध्ये असायलाच हवी.