‘स्व’ची जाणीव आणि पाहून शिकणारा मेंदू

भोसरी, तळवडे वा चाकण येथील कोणत्याही लहान कारखान्यात नवीन आलेला हेल्पर पहिले काही दिवस ऑपरेटरचे हात न्याहाळीत उभा असतो. पुस्तक नाही, व्याख्यान नाही. पाहता पाहता काम त्याच्या हातात उतरते. आपल्या चिकित्सालयातही रुग्ण व्यायाम, अभ्यंग वा नस्याची रीत बहुधा पाहूनच शिकतो. परंतु पाहणारा स्वतःला कोण समजतो, यावरही हे शिकणे काही अंशी अवलंबून असते. या विषयाची ओळख व्यवसायबंधूंना करून द्यावी, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पाहताना मेंदूत काय घडते?

इटलीतील पार्मा येथे रिझोलाटी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये माकडांवरील एक निरीक्षण प्रसिद्ध केले. माकड स्वतः वस्तू उचलताना ज्या चेतापेशी कार्यरत होत, त्यांपैकी काही पेशी दुसऱ्याने वस्तू उचललेली नुसती पाहतानाही कार्यरत होत असत. पुढे त्यांना ‘मिरर न्यूरॉन’ हे नाव मिळाले. माणसातही दुसऱ्याची कृती पाहताना स्वतःच्या हालचालींशी संबंधित मेंदूचा भाग सज्ज होतो, असे अनेक प्रयोगांत दिसले. २००५ मध्ये लंडन येथे झालेल्या एका अभ्यासात बॅले नर्तक व कापोएरा खेळणारे यांना दोन्ही प्रकारांची चित्रफीत दाखविण्यात आली. ज्याला जी कला अवगत होती, तीच पाहताना त्याच्या मेंदूचा प्रतिसाद अधिक होता. म्हणजे हा आरसा सर्वांना सारखेच प्रतिबिंब दाखवीत नाही.

‘मी’ आणि ‘आपण’

कॅनडातील ओभी व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये याच्याही पुढचा प्रश्न विचारला. काहींच्या मनात आधी ‘मी स्वतंत्र’ हा भाव सुचविणाऱ्या शब्दांनी, तर काहींच्या मनात ‘आपण एकत्र’ हा भाव सुचविणाऱ्या शब्दांनी जागा केला. नंतर दुसऱ्याच्या हाताची हालचाल दाखवीत, डोक्यावरून चुंबकीय स्पंद देऊन पाहणाऱ्याच्या हाताच्या स्नायूंतील प्रतिसाद मोजला. ‘आपण’ हा भाव जागा झालेल्यांत तो वाढला; ‘मी’ हा भाव जागा झालेल्यांत तशी वाढ आढळली नाही. २०१४ च्या अभ्यासात, आपण इतरांवर सत्ता गाजविल्याचा प्रसंग आठवून लिहिणाऱ्यांत हा प्रतिसाद, दुसऱ्याच्या सत्तेखाली असल्याचा प्रसंग लिहिणाऱ्यांपेक्षा कमी आढळला.

हे प्रयोग मर्यादित स्वरूपाचे आहेत आणि मिरर न्यूरॉनच्या कार्याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत, हे ध्यानात ठेवावे. तसेच शारीरस्थानातील अहंकार हे तत्त्व व प्रयोगशाळेतील ही ‘स्व’ची जाणीव एकच होत, असे म्हणण्याची घाई करू नये. मात्र चरकाचार्यांनी वैद्याच्या गुणांत बहुशो दृष्टकर्मता सांगितली, आणि सुश्रुताचार्यांनी योग्यासूत्रीय अध्यायात भोपळा, काकडी अशा फळांवर हात बसविण्यास सांगितले. पाहणे आणि करणे यांची ही जोड आपल्या परंपरेला अपरिचित नाही.

चिकित्सेतील विचार

काही वर्षांपूर्वी पक्षाघाताचे एक रुग्ण माझ्याकडे येत. टूलरूममधील सुपरवायझर, उजवा हात दुर्बल. तज्ज्ञांच्या औषधांसोबत स्नेहन-स्वेदन चालू होते. व्यायामाकडे मात्र त्यांचे दुर्लक्ष असे. पक्षाघातानंतरचे पहिले काही महिने किती मोलाचे असतात, हे आपण सर्व जाणतो. मी खुर्चीत बसून माझा निरोगी हात हलवून दाखवी. ते मान डोलवीत आणि घरी काहीच करीत नसत. एके दिवशी त्याच व्याधीतून सावरणारे एक फिटर शेजारी बसून, अडखळत्या हाताने वाटीतील हरभरे एकेक उचलीत होते. सुपरवायझर बराच वेळ पाहत राहिले आणि कोणी न सांगता त्यांनी आपला हात वाटीकडे नेला. एका रुग्णावरून सिद्धान्त मांडता येत नाही. परंतु माझी चूक मला उमगली. मी वैद्याचा हात दाखवीत होतो. त्यांना स्वतःसारखा हात पाहायचा होता.

तेव्हापासून मी टेबलापलीकडून काही दाखवीत नाही. रुग्णाच्या शेजारी, त्याच बाजूला तोंड करून बसतो, ‘तुम्ही करा’ऐवजी ‘आपण करू’ म्हणतो, आणि शक्य तेथे समदुःखी रुग्णांना एकत्र बसवितो. औषधालयाच्या चालकांनीही नस्याचे थेंब कसे टाकावेत वा तेल कसे जिरवावे, हे काउंटरमागून न सांगता पुढे येऊन दाखवावे आणि ग्राहकाकडून एकदा करवून घ्यावे. यास खर्च नाही. मात्र आपल्याला आपली खुर्ची थोडी सोडावी लागते, आणि तेच सर्वांत कठीण आहे.