उपचारात्मक मर्दन आणि रक्ताभिसरण : एक शास्त्रीय विवेचन

प्रस्तावना :

मुंबईच्या उत्तर सीमेला लागून असलेल्या मीरा-भाईंदर शहराची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेनुसार सुमारे सव्वापाच लाख होती. २०११ मध्ये ती आठ लाखांच्या पुढे गेली. येथील असंख्य रहिवासी नोकरी-व्यवसायानिमित्त दररोज मुंबईस ये-जा करतात. मीरा रोड ते चर्चगेट हे अंतर सुमारे ४० किलोमीटर असून गर्दीच्या वेळी हा प्रवास बहुतेकांना उभ्यानेच करावा लागतो. दुकानातील विक्रेते, सुरक्षारक्षक, परिचारिका, वाहतूक पोलीस, शिक्षक यांना तर कामाच्या ठिकाणीही तासन्‌तास उभे राहावे लागते. सायंकाळी पाय जड होणे, घोट्याजवळ सूज येणे, मोजा काढल्यावर त्वचेवर खोल वळ दिसणे या त्यांच्या नित्याच्या तक्रारी होत. अशा वेळी घरातील कोणाकडून तरी पाय चेपून घेणे किंवा तेलाने पोटऱ्या चोळणे हा आपल्याकडील सर्वमान्य उपाय आहे. ‘मालीश केल्याने रक्ताभिसरण सुधारते’ असे त्याचे समर्थन केले जाते.

हे विधान कितपत सत्य आहे, मर्दनाने रक्ताभिसरणास नेमके कोणते साहाय्य होते आणि कोणत्या अवस्थेत मर्दन अपायकारक ठरते, या तीन प्रश्नांचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मर्दनाची परंपरा :

महाराष्ट्राला मर्दन नवे नाही. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदय’ या ग्रंथात दिनचर्येचा भाग म्हणून नित्य अभ्यंग सांगितला असून मस्तक, कान व तळपाय यांवर विशेष भर दिला आहे. त्याच ठिकाणी अभ्यंग कोणी टाळावा याचाही निर्देश आहे, ही बाब लक्षणीय होय. दिवाळीतील अभ्यंगस्नान, तान्ह्या बाळाची व बाळंतिणीची मालीश, कोल्हापूरच्या तालमींतील मल्लांचे व्यायामानंतरचे अंगमर्दन ही या परंपरेची प्रचलित रूपे आहेत.

आधुनिक काळात निसर्गोपचाराने या परंपरेस संस्थात्मक रूप दिले. महात्मा गांधी यांच्या दिनक्रमात तेलमालीश होती. पुण्यातील डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्रात त्यांनी वास्तव्य केले आणि १९४६ मध्ये पुणे जिल्ह्यातील उरुळी कांचन येथे निसर्गोपचार आश्रमाची पायाभरणी केली. डॉ. मेहता यांच्या केंद्राच्या जागेतच १९८६ मध्ये केंद्र शासनाची राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था स्थापन झाली.

‘उपचारात्मक मर्दन’ या संज्ञेने येथे केवळ सुखासाठी केलेले चोळणे अभिप्रेत नाही. शरीररचनेचे ज्ञान ठेवून, ठराविक दिशेने व ठराविक दाबाने, विशिष्ट हेतूसाठी केलेली हस्तक्रिया असा तिचा अर्थ घेतला आहे.

पायांतील रक्त हृदयाकडे कसे परतते :

मर्दनाचा परिणाम समजून घेण्यासाठी प्रथम रक्ताचा परतीचा मार्ग पाहणे आवश्यक आहे. विश्रांतीच्या अवस्थेत प्रौढ व्यक्तीचे हृदय दर मिनिटास सुमारे पाच लिटर रक्त रोहिण्यांत ढकलते. रोहिण्यांतून केशवाहिन्यांत व तेथून नीलांत येईपर्यंत रक्ताचा दाब अत्यल्प उरतो. उभ्या असलेल्या माणसाच्या पायांतील रक्ताला मात्र गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर चढावे लागते.

या कामी दोन व्यवस्था साहाय्यभूत ठरतात. पहिली म्हणजे नीलांमधील झडपा. त्या रक्तास केवळ हृदयाच्या दिशेने जाऊ देतात. इटलीतील फॅब्रिसियस याने १६०३ मध्ये या झडपांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याचा विद्यार्थी विल्यम हार्वे याने १६२८ मधील आपल्या ग्रंथात रक्ताभिसरणाच्या सिद्धांतासाठी त्यांचा पुरावा म्हणून उपयोग केला. हार्वेचा प्रयोग कोणासही करता येईल. हात खाली सोडून मनगटाच्या वरची एखादी फुगलेली नीला एका बोटाने दाबावी. दुसऱ्या बोटाने त्या बिंदूपासून कोपराच्या दिशेने झडपेपलीकडे रक्त सारावे व ते बोट उचलावे. मधला भाग रिकामाच राहतो, कारण झडप रक्त मागे येऊ देत नाही. पहिले बोट उचलताच तो खालून भरतो. मर्दन हृदयाच्या दिशेने का करावे, याचे उत्तर या साध्या प्रयोगात आहे.

दुसरी व्यवस्था म्हणजे पोटरीचे स्नायू. चालताना हे स्नायू आकुंचन पावतात आणि त्यांच्यामधील खोल नीलांवर दाब पडून रक्त वर ढकलले जाते. निश्चल उभ्या असलेल्या माणसाच्या घोट्याजवळील नीलांतील दाब पाऱ्याच्या सुमारे ८० ते ९० मिलिमीटरपर्यंत असतो. निरोगी व्यक्ती चालू लागताच काही पावलांतच तो ३० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याखाली येतो. म्हणूनच पोटरीला ‘दुसरे हृदय’ म्हटले जाते. गर्दीच्या डब्यात खांबाला धरून उभ्या असलेल्या प्रवाशाचे हे दुसरे हृदय जवळजवळ बंद असते. नीलांतील दाब वाढल्याने केशवाहिन्यांतून द्रव ऊतींमध्ये झिरपतो आणि घोटे सुजतात. वर्षानुवर्षे हीच स्थिती राहिल्यास नीला फुगून वेड्यावाकड्या होण्याचा, म्हणजेच व्हेरिकोज व्हेन्सचा, संभव वाढतो.

मर्दनाचे परिणाम :

मर्दनाचा पहिला परिणाम यांत्रिक स्वरूपाचा आहे. घोट्याकडून गुडघ्याकडे लांब व सौम्य हात फिरवला असता वरवरच्या नीला रिकाम्या होतात व झडपांमुळे ते रक्त मागे फिरत नाही. दुसरा परिणाम लसिकेच्या वहनावर होतो. ऊतींमध्ये साचलेला अतिरिक्त द्रव लसिकावाहिन्या परत नेतात, परंतु त्यांना हृदयासारखा पंप नाही. त्वचेच्या लगेच खाली असलेल्या या सूक्ष्म वाहिन्यांना हलका, लयबद्ध दाब पुरेसा होतो. जोराने रगडण्याची गरज नसते. तिसरा परिणाम त्वचेवर दिसतो. घर्षणाने त्वचेतील सूक्ष्म वाहिन्या रुंदावून ती उबदार व लालसर होते. चौथा परिणाम मज्जासंस्थेमार्फत घडतो. शांत, मंद मर्दनाने ताण हलका होऊन हृदयाचे ठोके व रक्तदाब काही काळ किंचित कमी होऊ शकतात. हा परिणाम तात्पुरता असल्याने रक्तदाबावरील औषधास तो पर्याय ठरत नाही.

बाहेरून दिलेल्या दाबाने नीलांतील रक्त पुढे सरकते, याचा व्यवहारातील पुरावा रुग्णालयांत मिळतो. शस्त्रक्रियेनंतर अंथरुणास खिळलेल्या रुग्णाच्या पायांभोवती हवेच्या पिशव्या बांधून त्या यंत्राने ठराविक अंतराने फुगवल्या जातात. पायात रक्त साचून गुठळी होऊ नये, हा त्यामागील हेतू असतो.

संशोधनाची साक्ष :

मर्दनाने स्नायूंना होणारा रक्तपुरवठा वाढतो, हा समज मात्र तपासून घ्यावा लागतो. शूमेकर, टिडस व मेडर यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात डॉपलर तंत्राने हाता-पायांच्या प्रमुख रोहिण्यांतील प्रवाह मोजला असता हस्तमर्दनाने त्यात उल्लेखनीय वाढ आढळली नाही. २००४ मध्ये हाइंड्स व सहकाऱ्यांना व्यायामोत्तर मर्दनाने त्वचेतील रक्तप्रवाह वाढल्याचे, पण मांडीच्या मुख्य रोहिणीतील प्रवाह न वाढल्याचे दिसले. २०१० मधील कॅनडातील विल्टशायर व सहकाऱ्यांच्या प्रयोगात तर तीव्र व्यायामानंतर लगेच केलेल्या मर्दनाने स्नायूंतील रक्तप्रवाह व लॅक्टिक आम्लाचा निचरा मंदावल्याचे आढळले.

याउलट, अमेरिकेतील फ्रँकलिन व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये वेगळी बाब नोंदविली. पायांच्या श्रमदायक व्यायामानंतर पायांनाच मर्दन दिले असता दंडातील रोहिणीची प्रसरणक्षमता सुधारली आणि हा परिणाम काही दिवस टिकला. म्हणजे परिणाम चोळलेल्या जागेपुरता नव्हता.

या निष्कर्षांत दिसणारी विसंगती वरवरची आहे. हे अभ्यास लहान गटांवरील असून प्रत्येकात वेगळी गोष्ट मोजलेली आहे. त्यांच्या आधारे एवढे म्हणता येते की, मर्दन त्वचेतील प्रवाह वाढवते आणि वाहिन्यांच्या कार्यक्षमतेस अनुकूल ठरू शकते. परंतु स्नायूंना अधिक रक्त मिळवून देण्याचे काम स्वतःच्या हालचालीनेच होते.

मर्दन केव्हा वर्ज्य :

या विषयातील सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे. मर्दन साचलेले रक्त पुढे सारते, हेच त्याचे सामर्थ्य आणि हाच त्याचा धोका होय. पायाच्या खोल नीलेत रक्ताची गुठळी झाली असेल, तर चोळण्याने तिचा तुकडा सुटून हृदयामार्गे फुप्फुसात अडकू शकतो व ते प्राणघातक ठरू शकते.

गरोदरपणात आणि प्रसूतीनंतरच्या सुमारे सहा आठवड्यांत स्त्रीच्या रक्ताची गुठळी होण्याची प्रवृत्ती वाढलेली असते. आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना मालीश करण्याची प्रथा आहे. म्हणजे जोखमीचा काळ व मालिशीचा काळ जवळजवळ एकच आहे. यावरून ही प्रथा त्याज्य ठरत नाही. निरोगी बाळंतिणीला तिने विश्रांती व सुख मिळते. मात्र मालीश करणाऱ्या बाईने तेल लावण्यापूर्वी दोन्ही पाय पाहिले पाहिजेत. एकच पाय सुजलेला, दुखरा, उष्ण किंवा लालसर असल्यास त्यास हात न लावता तातडीने डॉक्टरांकडे जावे. दोन्ही पोटऱ्यांच्या घेरात तीन सेंटिमीटरहून अधिक फरक असणे हे वैद्यकीय तपासणीतही संशयाचे एक लक्षण मानले जाते. त्यासोबत धाप लागणे किंवा छातीत दुखणे सुरू झाल्यास क्षणाचाही विलंब करू नये. हीच दक्षता अस्थिभंग, गुडघ्याची किंवा खुब्याची शस्त्रक्रिया आणि दीर्घ आजारपण यांनंतरही घ्यावी.

याशिवाय फुगलेल्या वेड्यावाकड्या नीलांवर, जखमेवर किंवा संसर्ग झालेल्या त्वचेवर जोराने मर्दन करू नये. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्या व्यक्तीस तेलाचा चटका कळत नाही; म्हणून तेल दुसऱ्याने स्वतःच्या मनगटावर पाहून मगच लावावे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे दोन्ही पाय सुजले असतील, तर मूळ रोगाचा उपचार हाच खरा मार्ग होय.

व्यवहारातील पद्धत :

निरोगी परंतु थकलेल्या पायांसाठी पुढील क्रम उपयुक्त ठरतो. प्रथम आडवे होऊन पाय उशीवर, हृदयाच्या पातळीपेक्षा किंचित वर, काही मिनिटे ठेवावेत. घोटे वर-खाली वीस-पंचवीस वेळा हलवावेत. त्यानंतर थोडे कोमट तेल घेऊन पावलापासून गुडघ्याकडे व गुडघ्यापासून मांडीकडे सावकाश हात फिरवावा. वेदना होईल इतका दाब देऊ नये. प्रत्येक पायास पाच ते दहा मिनिटे पुरेशी आहेत. प्रवासात उभे असताना टाचा उचलणे व टेकवणे, भार एका पायावरून दुसऱ्या पायावर घेणे या कृती जागा न सोडताही करता येतात आणि पोटरीचा पंप चालू ठेवतात.

निष्कर्ष :

उपचारात्मक मर्दन निरोगी रक्ताभिसरणास साहाय्यक आहे. ते रक्ताभिसरण निर्माण करीत नाही आणि चालण्याची जागाही घेऊ शकत नाही. नीलांतील व लसिकेचा परतीचा प्रवाह, त्वचेतील सूक्ष्म अभिसरण आणि मनाची स्वस्थता या मर्यादित क्षेत्रांत त्याचा उपयोग मान्य करण्यास आधार आहे. घराघरांतून ही सेवा करणाऱ्या स्त्रिया, मालीश व्यावसायिक आणि तालमींतील वस्ताद यांच्या हाती कौशल्य आहे. त्यास धोक्याच्या लक्षणांच्या ज्ञानाची जोड मिळणे आवश्यक आहे. महाविद्यालयांच्या आरोग्य-विस्तार कार्यक्रमांतून हे शिक्षण सहज देता येईल. हात लावण्यापूर्वी दोन्ही पाय नीट पाहावेत, एवढा एक नियम रूढ झाला तरी अनेक अनर्थ टळू शकतील.