प्लास्टर निघाले, आता शाळा सुटू नये

वस्तीतल्या एखाद्या मुलाला मोठा अपघात झाला की आपण धावतो. रक्तदाते शोधतो, वर्गणी काढतो, दवाखान्यात रात्री जागतो. मूल घरी आले की आपले काम संपले असे वाटते. पण दोन-तीन महिने शाळा बुडालेली असते, अभ्यास मागे पडलेला असतो. 'आता पुढच्या वर्षी बघू' म्हणता म्हणता शिक्षणच थांबते. मुलगी असेल तर हा धोका अधिक. म्हणून कार्यकर्त्यांनी पुढील कामे हाती घ्यावीत.

१. डॉक्टरांकडून लेखी सूचना घ्या : किती वेळ बसता येईल, जिना चढता येईल का, खेळ कधी सुरू करायचा. डोक्याला मार लागला असेल तर डोके दुखणे, विसरणे, चिडचिड होणे काही काळ राहू शकते. तो आळस नव्हे. अशा मुलाची सुरुवात अर्ध्या दिवसाने करावी. त्रास वाढला तर पुन्हा डॉक्टरांना दाखवावे.

२. मूल शाळेत जाण्याआधी पालकांसोबत मुख्याध्यापकांना भेटा. वर्ग तळमजल्यावर घेणे, शौचालयाजवळची जागा, दप्तराचे ओझे कमी करणे यांसाठी पैसे लागत नाहीत, फक्त कोणीतरी मागावे लागते.

३. कायदा माहीत असू द्या. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेतून काढता येत नाही. कायमचे अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक असेल तर दिव्यांग हक्क कायदा २०१६ नुसार १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. दहावी-बारावीला लेखनिक हवा असेल तर शाळेमार्फत मंडळाकडे वेळेत अर्ज करा. राज्यात विद्यार्थ्यांसाठी राजीव गांधी अपघात सानुग्रह अनुदान योजनाही आहे. त्यासाठी दवाखान्याची व पोलिसांची कागदपत्रे जपून ठेवा आणि मुख्याध्यापकांकडे चौकशी करा.

४. विहारातील अभ्यासिकेत एका तरुणाने रोज तासभर त्याचा बुडालेला अभ्यास घ्यावा. पहिले काही दिवस सोबत शाळेत जाणारा मित्र ठरवावा. चालण्यावरून कोणी चिडवत असेल तर शिक्षकांना लगेच सांगावे.

स्वतःच्या मलमूत्रात पडलेल्या आजारी भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः आंघोळ घातली आणि त्याची सेवा ही सोबत्यांचीच जबाबदारी असल्याचे संघाला सांगितले. बाबासाहेबांनी आपल्याला आधी 'शिका' म्हटले. वस्तीतले एक मूल पुन्हा बाकावर बसेपर्यंत त्याच्यासोबत राहणे, यात या दोन्ही शिकवणी येतात.

जय भीम, नमो बुद्धाय!