टर्बो, ऊन आणि बोअरचं पाणी

“भो, टर्बो पेट्रोल मुंबई-पुण्यात ठीक. आपल्या उन्हात इंजिन बसतं.” जळगावात कोणी व्हर्टस, स्लाव्हिया किंवा व्हर्ना टर्बो घ्यायची म्हटली की हा सल्ला फुकट मिळतो. धुळ्यात त्याला शिरपूरच्या कुणाच्या तरी मेव्हण्याची गाडीही जोडली जाते. सल्ला देणारा बहुधा स्कॉर्पिओतून उतरलेला असतो. तिच्यात टर्बोच आहे! सावदा-रावेरची केळी भर मे महिन्यात उत्तरेकडे नेणारे ट्रकही टर्बोवरच चालतात.

“डिझेलचं वेगळं” हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. ते अर्धं खरं आहे. पेट्रोल इंजिनाचा धूर जास्त तापतो, पूर्ण जोरात ९०० अंशांच्या वर जातो. पण ज्या टर्बाइनवर इतका तप्त वायू आदळतो, तिला बाहेर ३५ अंश आहे की ४५, यानं कितीसा फरक पडणार? फरक पडतो तो ताकदीत. ४५ अंशांची हवा २५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ६ टक्के विरळ असते, शिवाय नॉकिंग टाळायला गाडीतला संगणक ठिणगी उशिरा पाडतो. म्हणून दुपारी फागण्याच्या पुढे गाडी सुस्त वाटते. त्यात इंजिन झिजत नाही, स्वतःला जपतं.

बरं, बिनटर्बोचं इंजिन टिकाऊ, हे तरी खरं का? वेगवान सेडानांचा इतिहास तसं सांगत नाही. २००५च्या बीएमडब्ल्यू एम५मध्ये ५०७ अश्वशक्तीचं व्ही१० इंजिन होतं, टर्बोशिवाय. त्याच्या कनेक्टिंग रॉडची बेअरिंग लवकर झिजतात, म्हणून जुनी एम५ घेणारा जाणकार आधी तेच विचारतो. मर्सिडीज-एएमजीचं ६.२ लिटर व्ही८ही बिनटर्बोचं. त्याच्या हेड बोल्टांवरून अमेरिकेत कोर्टकज्जे झाले. उलट टोयोटा अ‍ॅरिस्टोमधलं २जेझेड इंजिन दोन टर्बो घेऊनही दणकटपणासाठी नावाजलेलं.

टर्बोला निर्दोष ठरवायचं नाही. बीएमडब्ल्यूनं आपल्या एन६३ या व्ही८मध्ये टर्बो सिलिंडरांच्या दोन रांगांमधल्या खाचेत बसवले, तिथे उष्णता कोंडली. २०१४मध्ये कंपनीला अमेरिकेत त्या गाड्यांसाठी खास मोहीम काढावी लागली आणि तेल बदलण्याचं अंतरही कमी करावं लागलं. म्हणजे विचारायचं ते टर्बो कुठे बसवलाय आणि थंड कसा होतो हे.

चाकणला तयार होणाऱ्या व्हर्टस-स्लाव्हियाचं १.५ लिटर इंजिन १५० अश्वशक्तीचं, व्हर्ना टर्बोचं १६०. आयुष्य ठरवायला हा फरक नगण्य आहे. आयुष्य ठरतं रेडिएटरमध्ये काय ओतता यावर. आपल्याकडे कूलंट कमी झालं की बाटलीभर बोअरचं पाणी ओततात आणि वर सांगतात, टर्बो गेला! जड पाण्याचे क्षार बारीक मार्गांत बसतात, गंज धरतो आणि पाणी घातल्यानं कूलंटचा उत्कलनबिंदूही खाली येतो. दुसरी गोष्ट तेल. टर्बोचा दांडा तेलाच्या पातळ थरावर मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो, त्यात स्वस्त तेल भरून कुणाची बचत होते? ह्युंदाईच्या मालकपुस्तिका उघडून पाहा: धूळ आणि ३२ अंशांवरच्या उन्हात रहदारीच्या गर्दीत गाडी चालवणं हा ‘खडतर वापर’ धरला आहे आणि त्यासाठी तेल लवकर बदलायला सांगितलंय. आपल्याकडे मार्च ते जून दुसरं काय असतं?

फोक्सवॅगन बिघडल्याच्या ज्या कथा फिरतात, त्यांतल्या बऱ्याच इंजिनाच्या नसून सात गिअरच्या डीएसजी गिअरबॉक्सच्या आहेत. २०१३मध्ये कंपनीनं जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्यांच्या गिअरबॉक्समधलं सिंथेटिक तेल काढून मिनरल तेल भरलं, कारण उष्ण-दमट हवेत विजेचा बिघाड होत होता. उन्हाचा दोष होता तो इथे.

बाकी किरकोळ. इंधन वाचवायला चारपैकी दोन सिलिंडर आपोआप बंद ठेवणारं इंजिन एकांगी झिजतं, हे चूक, कारण पिस्टन चारही हलतच असतात, फक्त दोघांच्या झडपा मिटलेल्या राहतात. १०० ऑक्टेन पेट्रोलनं ९१साठी बनवलेलं इंजिन फारसं ताकदवान होत नाही, पाकीट तेवढं हलकं होतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जाच पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, त्यामुळे ई२०वर अ‍ॅव्हरेज घटलं म्हणून इंजिन उघडू नका. रीमॅप करून, म्हणजे संगणकाची मांडणी बदलून, वाढवलेल्या ताकदीची झीज मात्र खरी आहे, आणि वॉरंटी नाकारली गेली तर ओरडू नये. आणि गाडी बंद केल्यावरही पंखा फिरत राहिला तर मेकॅनिकला फोन नको: आतली उष्णता काढायलाच तो तसा ठेवलाय.