शंभर नंबरी फेसाळता निकाल

निवडणूक म्हटली की आश्वासनं, आरोप-प्रत्यारोप आणि कुणाची तरी अनामत जप्त. ऑस्ट्रेलियात मात्र दर वर्षी एक अशी निवडणूक होते जिच्यात एकदम शंभर उमेदवार निवडून येतात आणि प्रत्येक उमेदवाराला मतदाराने आधी चाखून पाहिलेलं असतं. देशभरातल्या ब्रुअऱ्यांच्या क्राफ्ट बिअरमधून लोकांच्या लाडक्या शंभर निवडणारी ही 'हॉटेस्ट १००'. कौल कुणाला मिळतो, का मिळतो आणि मिळाल्यावर पुढे काय होतं, याचे हे चटकदार घुटके.

कल्पना रेडिओची, ग्लास पबचा
'ट्रिपल जे' हे ऑस्ट्रेलियातलं तरुणाईचं सरकारी रेडिओ स्टेशन. श्रोत्यांच्या मतांवर शंभर गाण्यांची यादी करायची आणि शंभरपासून एकपर्यंत उलटी वाजवत न्यायची, हा त्यांचा १९८९ पासूनचा खेळ. आपल्या बिनाका गीतमालेचा लांबचा भाऊच म्हणा. २००८ मध्ये 'द लोकल टॅपहाउस' या पबच्या मालकांनी तीच युक्ती बिअरला लावली. निकाल जानेवारीच्या उत्तरार्धात, तोही तसाच उलट्या क्रमाने. पबमध्ये मंडळी जमतात आणि आपली बिअर साठावर आली की सत्तरावर, यावर पैजा लागतात.

मतदान सक्तीचं नाही, तरीही!
ऑस्ट्रेलियात संसदेच्या निवडणुकीत मत देणं कायद्याने सक्तीचं आहे. तो कायदा १९२४ चा. सबळ कारणाशिवाय दांडी मारली तर वीस डॉलर दंड. त्यामुळे मतदान केंद्राबाहेर सॉसेज भाजून विकायची प्रथाच पडली आहे; मत दिलं, पोटपूजा केली, घरी गेलं. बिअरच्या मतदानाला ना सक्ती, ना दंड, ना सॉसेज. एका मतदाराने पाच आवडत्या बिअर निवडायच्या, बस्स. लोक आपण होऊन येतात.

लोकप्रियतेला लगाम
जनमताच्या खेळात घुसखोरी ठरलेली. २०१५ च्या जानेवारीत गाण्यांच्या मूळ यादीत टेलर स्विफ्टचं 'शेक इट ऑफ' घुसवायची जंगी मोहीम समाजमाध्यमांवर झाली. तळलेली कोंबडी विकणाऱ्या केएफसीनेही त्या वाहत्या गंगेत हात धुऊन घेतले. शेवटी रेडिओने ते गाणंच बाद केलं. बिअरच्या यादीत अजून कुणी पॉपस्टार उतरलेली नाही. प्रचार मात्र इथेही होतो: 'आम्हाला मत द्या' म्हणत ब्रुअऱ्या आपापल्या गिऱ्हाइकांच्या मागे लागतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

मगरींच्या वाड्यात पहिला मान
या यादीतली अगदी सुरुवातीची मानकरी म्हणजे पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटल बंदरातली 'लिटल क्रीचर्स पेल एल'. ही ब्रुअरी २००० मध्ये उभी राहिली ती अशा जागेत, जिथे पूर्वी मगरी पाळल्या जायच्या. बारशासाठी मात्र मगरींची आठवण झाली नाही. नाव आलं 'टॉकिंग हेड्स' या बँडच्या अल्बमवरून, आणि रोख होता बाटलीतल्या जिवंत यीस्टकडे. मगर गेली, सूक्ष्मजीव आले!

द्राक्षांच्या मुलखात हॉप्सचा डंका
त्याच राज्यातलं स्वान खोरं वाइनसाठी प्रसिद्ध. चहूकडे द्राक्षमळे. तिथे 'फेरल' नावाच्या ब्रुअरीने 'हॉप हॉग' काढली आणि ही वराहछाप बिअर एकाहून अधिक वर्षं यादीत पहिली आली. वाइनवाल्यांच्या गावात बिअरवाल्याची वरात!

शार्कला पुरून उरलेला मालक
२०१५ च्या जुलैत दक्षिण आफ्रिकेत सर्फिंगच्या अंतिम फेरीत मिक फॅनिंगवर शार्क चालून आला. टीव्हीवर थेट प्रक्षेपण सुरू, बघणाऱ्यांच्या काळजाचा ठोका चुकला, आणि हा पठ्ठ्या एकही ओरखडा न उठता परत आला. पुढच्याच वर्षी जोएल पार्किन्सन, बीड डर्बिज आणि जॉश केर या सर्फर दोस्तांबरोबर त्याने गोल्ड कोस्टवर 'बॉल्टर' ही ब्रुअरी सुरू केली. तिची पहिलीच बिअर एक्सपीए, म्हणजे एक्स्ट्रा पेल एल. २०१७ च्या मतदानात तीच पहिली आली. लाटेवर उभं राहायचं कसब दुसरं काय!

उन्हाळा निकाल लावतो
आपल्याकडे जानेवारीत स्वेटर निघतात. तिकडे तेव्हा ऐन उन्हाळा. समुद्रकिनारा, क्रिकेट आणि बर्फाची पेटी असा सगळा मोसम. अशा वेळी कॉफीसारखी काळीकुट्ट, जड स्टाउट कोण आठवतो? अव्वल नंबरावर पेल एल आणि तिच्या बहिणीच दिसतात, त्या याचमुळे. फिकट सोनेरी रंग, फळांचा वास, बेताचा कडूपणा. हेच मतदान जुलैतल्या थंडीत घेतलं असतं तर काळ्या बिअरनी जरा तरी टक्कर दिली असती.

आंब्याचा वास, आंबा नाही
बायरन बेच्या 'स्टोन अँड वूड'ची 'पॅसिफिक एल' हीदेखील यादीतली माजी विजेती. धुरकट सोनेरी, ४.४ टक्के अल्कोहोल. ग्लास नाकाशी नेला की पॅशनफ्रूट आणि पिकल्या फळांचा घमघमाट. यात फळाचा रस थेंबभरही नसतो. करामत आहे 'गॅलेक्सी' या ऑस्ट्रेलियातच तयार केलेल्या हॉप्सच्या वाणाची. हॉप्स म्हणजे एका वेलीची हिरवी, पापुद्र्यापापुद्र्यांची बोंडं. बोटांत चुरडली की पिवळी, चिकट पूड हाताला लागते. बिअरचा वास आणि कडूपणा दोन्ही तिच्यातच दडलेले.

महासागर कुणाच्या बापाचा?
याच पॅसिफिक एलवरून कोर्टकचेरी झाली. मेलबर्नच्या 'थंडर रोड'ने आपल्या बिअरच्या नावात 'पॅसिफिक' घातलं, तेव्हा स्टोन अँड वूडने फेडरल कोर्ट गाठलं. २०१६ मध्ये दावा हरले, अपील केलं, तेही २०१८ मध्ये फेटाळलं गेलं. गिऱ्हाईक दोन बाटल्यांत गल्लत करेल असं कोर्टाला काही पटलं नाही. पॅसिफिक महासागर सर्वांचा, हे आता कायद्यानेही सिद्ध!

राजधानीची सायकल सुसाट
कॅनबेरा म्हणजे सरकारी बाबूंचं शहर. वस्ती साडेचार लाखांच्या आसपास. पण २०२१ च्या मतदानात तिथल्या 'बेंटस्पोक'च्या 'क्रँकशाफ्ट' आयपीएने सगळ्यांना मागे टाकलं. या ब्रुअरीला सायकलींचं वेड. ब्रुअरीचं नाव वाकलेल्या आऱ्यावरून, बिअरची नावंही सुट्या भागांवरून. त्यांच्या एका पेल एलचं नाव 'बार्ली ग्रिफिन'. कॅनबेराचा आराखडा आखणारा वास्तुविशारद वॉल्टर बर्ली ग्रिफिन. त्याच्या नावात बार्ली, म्हणजे बिअरचं धान्य, कुणीतरी हळूच सरकवलं आहे.

महानगरं हात चोळत
आता एक गंमत बघा. मतदान सुरू केलं मेलबर्न-सिडनीत पब चालवणाऱ्यांनी. वर आलेले विजेते मात्र फ्रीमँटल, स्वान खोरं, बायरन बे, गोल्ड कोस्ट, कॅनबेरा इथले. २०२३ च्या जानेवारीत जाहीर झालेल्या निकालात पहिली आलेली 'माउंटन कल्चर'ची 'स्टेटस क्वो' तर ब्लू माउंटन्समधल्या कटूम्बाची, जिथे माणसं आहेत जेमतेम आठ हजार. ब्रुअरी सुरू झाली होती २०१९ मध्ये, आणि पुढच्या वर्षीही पहिला नंबर तिचाच. आठ हजारांच्या मतांवर देशात कुणी पहिलं येत नाही. सहलीला गेलेल्यांनी तिथे चाखली, घरी परतल्यावर दुकानात डबा दिसला, आणि मतदानाच्या वेळी सुट्टीची आठवण झाली. गावचं नाव आणि देशभर पुरवठा, हे दोन्ही ज्याला साधलं त्याच्या गळ्यात माळ.

माळ आधी, मागणी मागाहून
लाडक्या ब्रुअरीकडे बड्या कंपन्यांचंही लक्ष असतं. लिटल क्रीचर्स २०१२ मध्ये 'लायन'कडे गेली, फेरल २०१७ मध्ये कोकाकोला अमातिलकडे, बॉल्टर २०१९ मध्ये कार्लटन अँड युनायटेडकडे आणि स्टोन अँड वूड २०२१ मध्ये पुन्हा लायनकडे. दर वेळी चाहत्यांत तोच वाद रंगतो: बिअर तीच, हात तेच, मग मत द्यायचं की नाही? स्वतंत्र ब्रुअऱ्यांच्या संघटनेने २०१८ पासून डब्यांवर स्वतःचा शिक्का छापायला घेतला, म्हणजे घेणाऱ्याला मालक कोण ते कळावं. शिक्का पाहून घेणारे घेतात. बाकीचे चवीला जागतात.

फळीवरचे पाच पेले
टॅपहाउसच्या मंडळींनी २०११ मध्ये 'गॅब्स' हा बिअर महोत्सवही सुरू केला आणि आता यादी त्याच नावाने निघते. महोत्सवाचा खाक्या असा, की ब्रुअऱ्यांनी खास त्याच्यासाठी पूर्वी कधीच न विकलेली बिअर करून आणायची. शंभराहून जास्त नव्या बिअर, मग प्यायच्या कशा? त्यासाठी वल्ह्यासारखी लाकडी फळी मिळते; तिच्यात पाच भोकं, प्रत्येक भोकात ८५ मिलिलिटरचा चिमुकला पेला. एका हातात फळी तोलत, दुसऱ्या हाताने यादीवर खुणा करत लोक फिरतात. मेलबर्नमध्ये हा सोहळा भरला तो रॉयल एक्झिबिशन बिल्डिंगमध्ये. १९०१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या संसदेचं उद्घाटन याच वास्तूत झालं होतं!

अकरा सेकंदांचे पंतप्रधान
बॉब हॉक ऑक्सफर्डमध्ये शिकत असताना एकदा अंगावर गाउन न घालता जेवायला गेले. शिक्षा म्हणून यार्डभर लांब ग्लासातली सुमारे १.४ लिटर बिअर एका दमात पिणं आलं. त्यांनी ती अकरा सेकंदांत संपवली आणि विक्रमांच्या पुस्तकात नाव गेलं. १९८३ ते १९९१ ते देशाचे पंतप्रधान होते. आपल्या राजकीय यशात या पराक्रमाचा वाटा आहे, असं ते स्वतःच सांगत. २०१७ मध्ये त्यांच्या नावाने 'हॉक्स' ही बिअर आली. आपला वाटा त्यांनी जमीन आणि पर्यावरण जपणाऱ्या 'लँडकेअर'ला देऊन टाकला.

मापात पाप नाही, नावात आहे
सिडनीत 'स्कूनर' मागा, ४२५ मिलिलिटर मिळेल. अॅडलेडला तोच शब्द उच्चारा, २८५ वर बोळवण. ४२५ हवी तर तिथे 'पाइंट' म्हणायचं. २८५ च्या ग्लासाला मेलबर्नमध्ये 'पॉट', सिडनीत 'मिडी'. राज्य ओलांडताना घड्याळाबरोबर ग्लासही लावून घ्यावा लागतो.

शेवाळाचा श्वास
बिअर आंबताना यीस्ट भरपूर कार्बन डायऑक्साइड सोडतं. सिडनीच्या न्यूटाउन भागातल्या 'यंग हेन्रीज'ने तंत्रज्ञान विद्यापीठातल्या संशोधकांच्या मदतीने ब्रुअरीतच हिरव्या शेवाळाच्या टाक्या बसवल्या. यीस्टने सोडावं, शेवाळाने खावं आणि बदल्यात ऑक्सिजन द्यावा. हिरव्या उजेडात चमकणारी टाकी बघायलाही लोक थांबतात.

सिडनीच्या पेपरात 'ईस्ट इंडिया'
क्रँकशाफ्टसारख्या आयपीएच्या नावातला 'आय' म्हणजे इंडिया. लंडनच्या हॉजसनची आणि पुढे बर्टनची फिकट, भरपूर हॉप्स घातलेली बिअर जहाजांनी कोलकाता-मुंबईच्या साहेबांसाठी यायची. विषुववृत्त दोनदा ओलांडून, महिनोन् महिने हिंदकळत. पण 'ईस्ट इंडिया पेल एल' हे नाव छापलेली आजवर सापडलेली सर्वांत जुनी जाहिरात ना लंडनची, ना मुंबईची. ती आहे ऑगस्ट १८२९ मधल्या 'सिडनी गॅझेट'मधली!

परीक्षकांचं वेगळं, पब्लिकचं वेगळं
मेलबर्नमध्येच ऑस्ट्रेलियन इंटरनॅशनल बिअर अवॉर्ड्सही होतात. तिथे परीक्षकांपुढे नाव झाकलेले ग्लास येतात. ना डबा दिसतो, ना गाव. जनमतात नेमकं उलटं: लोक डब्यासकट, गावासकट, मालकासकट मत देतात. अमेरिकेत 'झायमर्जी' मासिकाच्या वाचकांनी कॅलिफोर्नियाच्या 'प्लायनी द एल्डर'ला २००९ ते २०१६ सलग आठ वर्षं पहिलं ठेवलं, ते अशाच प्रेमापोटी. प्लायनी हा हॉप्सच्या वेलीची नोंद केल्याचं श्रेय मिळालेला रोमन पंडित. व्हेसुव्हिअसच्या उद्रेकात गेला.

आपल्याकडे अशी यादी निघाली तर?
माल आहे. पुण्यात २००९ मध्ये 'डूलाली' आली, नाशिकजवळच्या देवळाली छावणीची आठवण नावात घेऊन. मग पुणे, मुंबई आणि गोव्यात ब्रुअऱ्यांची रांगच लागली. मतदार जमवणं मात्र किचकट. ऑस्ट्रेलियात अठराव्या वर्षी ग्लास हाती घेता येतो. महाराष्ट्रात बिअरला एकवीस आणि कडक दारूला पंचवीस वर्षं पूर्ण हवीत. शिवाय परवाना: एक दिवसाचा, एक वर्षाचा किंवा थेट आजन्म. एवढं करूनही यादी निघालीच, तर मुंबईकर लोकलमधून उतरता उतरता पाच नावं टाकून मोकळा होईल. गोवेकर मतदान दुपारच्या झोपेनंतर ठेवा म्हणेल. आणि पुणेकर पाचही मतं पुण्यालाच देऊन, मतपत्रिकेच्या मागे शुद्धलेखनाच्या चुका काढून पाठवेल.