शील विहारात, चोरीची प्रत घरात?

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात आपल्या समाजाची कितीतरी कुटुंबे राहतात. आजोबांनी कारखान्यात घाम गाळला. नातवंडे आज संगणकावर काम करतात. ही अभिमानाचीच गोष्ट आहे. पण याच प्रगतीतील एक काटा आम्हाला बरेच दिवस टोचत होता.

आम्ही पोटापाण्यासाठी संगणकजाळ्याच्या सुरक्षेचे काम करतो. परवाना नसलेली प्रणाली वापरू नका, असे कंपन्यांना बजावतो. आणि आमच्या बदलापूरच्या घरी मात्र विंडोज आणि ऑफिस, दोन्हींच्या चोरीच्या प्रती होत्या! संगणक घेताना दुकानदार म्हणाला, "सगळं टाकून देतो," आणि आम्ही मान डोलावली. विहारात पंचशील घेताना दुसऱ्या शीलापाशी, म्हणजे न दिलेली वस्तू न घेण्याच्या प्रतिज्ञेपाशी, आमचा आवाज कधी अडखळला नाही. शेवटी मुलीनेच विचारले, "पप्पा, हे आपण विकत घेतलंय का?" आमच्याकडे उत्तर नव्हते.

शीलाचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवू. जाणूनबुजून अशी प्रत वापरणे कॉपीराइट कायद्याच्या ६३-ब कलमाखाली गुन्हा आहे. शिवाय कुलूप तोडणारा प्रोग्राम आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतो आणि मग संगणकाचे सर्वाधिकार मागतो. अनोळखी माणसाच्या हाती घराची किल्ली देण्यासारखेच हे! पुष्कळ जण पकडले जाण्याच्या भीतीने सुरक्षा-दुरुस्त्याही बंद ठेवतात. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय'ने जगभरचे संगणक ओलीस धरले. ज्या फटीतून तो शिरला, तिच्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती. जूनमध्ये त्याच फटीचाही फायदा घेणाऱ्या 'नॉटपेट्या'ने आपल्या न्हावा-शेवा बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प केले.

मग गरिबाने काय करावे? वाट आहे. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त प्रणालीची चळवळ सुरू केली. १९९१ मध्ये लिनस टॉरवल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला. हे सॉफ्टवेअर वापरावे, उघडून पाहावे, बदलावे, दुसऱ्याला द्यावे. परवानाच तशी मुभा देतो. येथे प्रत देणे चोरी नसून दान आहे.

आम्ही लिनक्स मिंट पेनड्राइव्हवर घेतले, काही दिवस तसेच चालवून पाहिले आणि मगच घरच्या संगणकात बसवले. सोबत लिबरऑफिस व फायरफॉक्स आलेच. युनिकोड मराठी नीट उमटते. विंडोज १० च्या नियमित दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या आणि अनेक जुने संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. अशा संगणकांनाही यामुळे नवे आयुष्य मिळते.

अडचणी लपवणार नाही. आमचा प्रिंटर दोन रविवार रुसून बसला होता. जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमधील मजकूर आधी रूपांतरित करावा लागला. टॅली किंवा विंडोजवरच घेतली जाणारी परीक्षा असेल, तर त्यासाठी रीतसर परवान्याचा एक संगणक हवा. आणि बदल करण्यापूर्वी फोटो, कागदपत्रे यांची प्रत वेगळी काढून ठेवा.

लिनक्स म्हणजे अभेद्य किल्ला, असेही मानू नका. 'एक्सझेड' या साधनात कुणीतरी चोरवाट घातली होती. मार्च २०२४ मध्ये, आपला संगणक अर्धा सेकंद हळू का चालतो, म्हणून एका अभियंत्याने खोलात जाऊन पाहिले आणि ती सापडली. मूळ संहिता उघडी होती, म्हणून शोध घेता आला. भगवान बुद्धांनी कालामांना हेच सांगितले: कुणी सांगितले म्हणून मानू नका, तपासून पाहा. धम्म 'एहिपस्सिको' आहे, या आणि पाहा असे म्हणणारा आहे. ज्ञान कुलपात ठेवल्याचे चटके आपल्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसले. उघड्या ज्ञानाचे मोल आपल्याशिवाय कोण जाणणार?

म्हणून आमची विनंती एवढीच. प्रत्येक विहारात एखादा जुना संगणक ठेवा. जाणत्या तरुणाने पौर्णिमेला एक तास द्यावा आणि मुलांना, भगिनींना शिकवावे. आमच्या मुलीने आता शेजारच्या दोन घरांत ही प्रणाली बसवून दिली आहे. आणि आम्ही दुसरे शील घेताना मान वर ठेवू शकतो.