पानिपतच्या चिंध्या आणि कापडाचे अपुरे चक्र

एकदा विणलेले कापड कचऱ्यात न जाता दुरुस्ती, पुनर्वापर किंवा तंतूंचे पुन्हा सूत काढणे या मार्गांनी उपयोगात राहावे, अशा उत्पादनव्यवस्थेला चक्राकार व्यवस्था म्हणतात. ही कल्पना नवी वाटत असली, तरी तिचे कारखानदारी रूप जुने आहे. इंग्लंडमधील यॉर्कशायरच्या बॅटली गावी १८१३ च्या सुमारास बेंजामिन लॉ याने लोकरीच्या चिंध्या पिंजून, त्यांत नवी लोकर मिसळून ‘शॉडी’ हे स्वस्त कापड तयार केले. आज या धंद्याचे जगातील एक मोठे केंद्र हरियाणातील पानिपत येथे आहे.

पाश्चात्त्य देशांत टाकून दिलेले स्वेटर आणि कोट गठ्ठ्यांनी पानिपतला येतात. तेथे विळीसारख्या उभ्या पात्यासमोर बसलेल्या स्त्रिया बटणे, चेन, अस्तर आणि लेबले कापून वेगळी करतात व कापडाचे रंगवार ढीग लावतात. लाल चिंध्यांपासून लालच सूत निघत असल्याने पुन्हा रंगवण्याची, म्हणजेच पाणी आणि रसायने खर्च करण्याची, गरज बरीच कमी होते. या उद्योगाची खरी पर्यावरणीय कमाई यंत्रापेक्षा या निवडणाऱ्या हातांची आहे, आणि तिचे श्रेय त्यांना क्वचितच मिळते. पुढे दातेरी यंत्रे चिंध्या ओरबाडून त्यांचा पिंजलेला तंतू करतात आणि त्याच्या जाड सुतापासून घोंगड्या विणल्या जातात, ज्या आपत्तिग्रस्तांच्या मदतीसाठीही मोठ्या प्रमाणावर घेतल्या जातात.

मात्र प्रत्येक पिंजणीत तंतू आखूड होतो आणि आखूड तंतूचे सूत कमकुवत निघते, म्हणून कोटाची घोंगडी होते, पुन्हा कोट सहसा होत नाही. एलन मॅकआर्थर फाउंडेशनच्या २०१७ च्या अहवालानुसार कपड्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या मालापैकी १ टक्क्याहूनही कमी माल पुन्हा नव्या कपड्यांत येतो. कापूस, पॉलिएस्टर आणि ताणले जाणारे इलॅस्टेन एकाच कापडात विणले की त्यांना वेगळे करणे अतिशय अवघड ठरते. म्हणजे कपड्याचे भवितव्य तो टाकून देण्याच्या वेळी नव्हे, तर त्याचा आराखडा काढतानाच पुष्कळसे ठरून जाते. म्हणूनच कपडा अधिक काळ वापरात राहणे हे त्याच्या चिंध्या करण्यापेक्षा केव्हाही श्रेयस्कर आहे. महाराष्ट्रात भांड्यांच्या बदल्यात जुने कपडे घेणारी बोहारीण आणि जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणाऱ्या बाया हेच काम करत आल्या आहेत.

प्रश्न खर्चाचा आहे. फ्रान्समध्ये २००७ पासून कपड्यांच्या उत्पादकांवर, कपडे वापरून झाल्यानंतरच्या व्यवस्थेची आर्थिक जबाबदारी कायद्याने टाकलेली असून, त्यांच्याकडून मिळणाऱ्या शुल्कातून कपडे गोळा करणे व निवडणे यांना साहाय्य मिळते आणि २०२३ पासून ग्राहकांना दुरुस्तीच्या खर्चात सवलतही दिली जाते. पानिपतमध्ये मात्र परदेशी उत्पादकांच्या मालाची अखेरची निगा तंतूंची धूळ श्वासात घेणाऱ्या कामगारांच्या माथी आली आहे. तेथील धूळ खेचून घेणाऱ्या यंत्रणेचा आणि न्याय्य मजुरीचा खर्च कपड्याच्या मूळ किमतीतच धरला गेला पाहिजे.